९ डीबीआयचा अँटेना लावला आणि वरच्या खोलीतला सिग्नल पडला, असं कसं?

गोंधळलेला_राऊटर:
राऊटरचे ५ डीबीआयचे अँटेना काढून ९ चे लावले, म्हटलं आकडा मोठा म्हणजे रेंज जास्त. खालच्या मजल्यावर लांबच्या खोलीत फरकही पडला, पण बरोब्बर राऊटरच्या डोक्यावर जी खोली आहे तिथे सिग्नल आधी उणे ६० डीबीएम यायचा तो आता उणे ७१, म्हणजे अजून कमजोर. डेटाशीटमध्ये तर छान पूर्ण गोल दाखवलाय, मग सगळीकडे सारखंच मिळायला हवं ना? पीस खराब आलाय का?

उभी_काठी:
पीस ठणठणीत आहे. तो गोल म्हणजे अझिमथ, वरून बघितल्यावरचा पॅटर्न. शेजारी पंखांसारखी दुसरी आकृती असेल बघ, ती एलिव्हेशन, बाजूने बघितल्यावरचा पॅटर्न, तुझं उत्तर तिच्यात आहे. उभ्या काठीत टायरची ट्यूब अडकवलीय असं समज, काठीच्या टोकाकडे जवळपास काहीच जात नाही, त्याला नल म्हणतात, आणि तुझी खोली नेमकी तिथे. अँटेना पॉवर बनवत नाही रे, आहे तीच वाटतो, त्यामुळे गेन (तोच डीबीआयचा आकडा, जोरदार दिशेला पॉवर किती एकवटते ते) वाढवायचा म्हणजे ट्यूब वरून दाबायची, ती बाजूला पसरते आणि चपटी होते. साध्या हाफ-वेव्ह डायपोलचा गेन २.१५ डीबीआय आणि उभी बीमविड्थ, म्हणजे जोरदार पट्टा वर-खाली किती पसरतो तो कोन, ७८ अंश, ९ वाल्याची जेमतेम १५ च्या आसपास.

स्लॅबखालचा:
आणि ती आकृती म्हणजे कव्हरेजचा नकाशा नव्हे, ही चूक मीपण वर्षभर केली. बाहेरची रेघ ० डीबी, म्हणजे सगळ्यात जोरदार दिशा, आतल्या रेघा त्यामानाने किती कमी ते सांगतात. उणे १० म्हणजे पॉवर एक दशांश, पण मोकळ्यावर अंतर तेवढं घटत नाही, साधारण एक तृतीयांश उरतं. शिवाय पॅटर्न मोजतात परावर्तन नसलेल्या चेंबरमध्ये, घरात भिंतींवरून आपटून थोडं नलमध्येही पोचतं, म्हणून तुला ७१ तरी दिसतंय.

उभी_काठी:
एक अँटेना आडवा करून बघ, दुसरा उभाच ठेव. फक्त आडव्याचं टोक ज्या बाजूला करशील तिकडे तो आंधळा, तेव्हा लांबच्या खोलीकडे टोक नको.

गोंधळलेला_राऊटर:
केला. वर उणे ६३. लांबच्या खोलीत २-३ डीबी गेले, पण तिथे तसंही प्रिंटरच आहे.