मदत हवी आहे: वर्गात जाऊन शिक्षकांना साथ कशी द्यावी?

नमस्कार मंडळी. मी मेळघाटात, धारणी तालुक्यात केंद्रप्रमुख आहे, म्हणजे आसपासच्या काही शाळांची देखरेख माझ्याकडे आहे. आमच्या बहुतेक शाळा दोनशिक्षकी, आणि पोरं घरी कोरकू बोलतात. शिक्षक मेहनती आहेत. पण चौघं एकत्र बसले की सूर एकच, "आपल्या पोरांचं एवढंच होणार." हा सूर मला फार लागतो.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1993 मध्ये मांडलं होतं की, आपण सगळे मिळून मुलांना शिकवू शकतो हा शिक्षकांचा सामूहिक विश्वास शाळेच्या निकालाशी जोडलेला असतो. असा विश्वास भाषणाने येत नाही. स्वतःला जमलं, किंवा आपल्यासारख्याच शाळेत दुसऱ्याला जमताना पाहिलं, की तो वाढतो. म्हणून मला शिक्षण परिषदेतलं (केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीतलं) परिपत्रक-वाचन कमी करून वर्गात बसायचं आहे. मुलांच्या वाचनातला एकच मुद्दा धरायचा, शिक्षकाशी बोलायचं, पुन्हा जाऊन पाहायचं.

अडचण अशी की तपासणीचा शेराही मीच लिहितो. मी वही घेऊन मागे बसलो की सर-मॅडम अवघडतात, आणि ते साहजिकच आहे. शेरा आणि साथ वेगळी कशी ठेवायची? दुसरं, दोनशिक्षकी शाळेतला एक जण शेजारच्या गावचा वर्ग पाहायला गेला, तर इकडचे वर्ग एकट्याने कसे सांभाळायचे? मोबाईलवर पाठाचं चित्रीकरण करून दाखवणं कुणी केलंय का?

गडचिरोली, यवतमाळकडच्या मंडळींनी जरूर लिहा. कोलामी-गोंडी मुलांसोबतचा तुमचा अनुभव आम्हाला जवळचा आहे.