मदत हवी आहे: ई-मेलने दिलेली पॉक्सोची (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याची) तक्रार आणि ३ दिवसांत सही

पुण्यातल्या नात्यातल्या एका मुलीवर लैंगिक अत्याचार होत असल्याचा दाट संशय आहे. मी नाशिकला. परवा रात्री पुण्यातल्या पोलीस ठाण्याला ई-मेल केला, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरही कळवलं. मुलगी सध्या आजीकडे सुरक्षित आहे. ठाण्यातून फोन आला, "सही करायला या." भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार ई-मेलने दिलेल्या माहितीवर ३ दिवसांत सही लागते, हे वाचलंय. पण पॉक्सोच्या कलम १९ मध्ये सहीचा उल्लेखच नाही! उद्या मुदत संपते, रजा मिळत नाही. नाशिकच्या ठाण्यात सही करून झिरो एफआयआर (गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार) होईल का? आणि सही राहिलीच, तर पोलीस चौकशी थांबवू शकतात का?