विषय: तातडीचं! ओवी – व्ही की डब्ल्यू?

नमस्कार मंडळी,
सोमवारी स्टँडेसआम्टला, म्हणजे इथल्या जर्मन जन्मनोंदणी कचेरीत, फॉर्म द्यायचाय आणि आमचं लेकीच्या नावाच्या स्पेलिंगवर अडलंय. रोहिणी नक्षत्राचं पहिलं चरण, म्हणून सासूबाई 'ओ'वर अडून बसल्यात, आम्हाला दोन अक्षरीच हवं होतं, तर ओवी. नाव फायनल आहे, त्यावर चर्चा नको प्लीज. प्रश्न एवढाच की व्हीनं लिहिलं तर इथे ओफी म्हणतील का आणि डब्ल्यूनं लिहिलं तर उद्या भारतात परत गेलो की लोक काय वाचतील? ज्यांच्या मुलांच्या नावात 'व' आहे त्यांनी सांगा. आणि हे व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकू नका हं, आत्या शुक्रवारी पुण्याहून येतेय, ती कानात सांगेपर्यंत तिलाही माहीत नाहीये.
– केतकी

रि:
अभिनंदन गं! चर्चा नको म्हणालीस तरी सांगते, आपल्या लेझीम पथकातच दोन ओव्या आहेत आणि शनिवारच्या शाळेत तिसरी. वेगळं हवं होतं ना तुम्हाला? रोहिणीला वा, वी, वू पण चालतं, वाणी बघ.
– मंजिरी

रि: रि:
वाणीतही 'व'च आहे मंजिरीताई, प्रश्न तोच राहतो!
केतकी, व्ही लिहून टाक. व्हेरा, व्हनेसाला कोणी फ लावत नाही. फाटर, फोगेल हे अस्सल जर्मन शब्द, त्यात व्हीचा फ. बाहेरून आलेल्या नावांना हे लोक व्यवस्थित 'व' म्हणतात.
– प्रसाद

रि: रि: रि:
प्रसाद, मग एवाला एफा का म्हणतात? आमच्या शेजारच्या एवाला तिची स्वतःची आई एफा म्हणते. डेव्हिडचाही दाफिट होतो. दोन स्वरांच्या मधे व्ही आला की भरवसा नाही. डब्ल्यू लिहावा, जर्मनमध्ये त्याचा 'व'च होतो, उच्चार शंभर टक्के.
– अण्णा

रि: रि: रि: रि:
अण्णा, ऑलिव्हिया पण दोन स्वरांच्या मधेच आहे हो, तिला कोणी ओलिफिया म्हणत नाही :)
आणि डब्ल्यूनं लिहिलेलं ओवी म्हणजे काय माहितीये ना? ओर्डनुंग्सविड्रिशकाइट, म्हणजे दंडाचा किरकोळ गुन्हा! ट्रॅफिकचे दंड बघणारे लोक त्याला ओवीच म्हणतात. पोरीच्या नावानं आयुष्यभर चलान.
– प्रसाद

रि:
आणि नाताळच्या गाण्यातला ओवी विसरलात का? 'ओ वी लाख्ट' (अहा, कसा हसतो) अशी ओळ आहे, बारक्या पोरांना वाटतं ओवी नावाचा कोणीतरी हसतोय. इथला जुना विनोद आहे तो, दर डिसेंबरला किंडरगार्टनमध्ये ऐकावा लागणार. मला विचाराल तर गोड आहे, दंडापेक्षा बरा.
बाय द वे आमची जुई. जे चा य होतो हे मला माहीत होतं, पण मी म्हटलं आपण शिकवू. डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये सिस्टर दारात येऊन 'युई!' अशी हाक मारायची, मी उठून 'जुई' म्हणायचे, ती मान डोलवून परत लिहिल्यासारखं 'युई'च बोलायची. आता लेक स्वतःच फोनवर युई सांगते आणि आजीशी बोलताना जुई होते. तिचं काही अडत नाही, जीव माझाच जातो. तेव्हा फार ताण घेऊ नकोस.
– जुईची आई

रि:
फिनिशमध्ये ओवी म्हणजे दार. मी नोकियात होतो, २००७ मध्ये कंपनीनं त्या नावाची सर्व्हिस काढली तेव्हा टीममध्ये ज्ञानेश्वरी वाचलेला मी एकटाच, सगळ्यांना ओवीचा अर्थ सांगत सुटलो होतो. स्पेलिंग अर्थातच व्हीनं. बाकी चालू द्या.
– हेमंत

रि:
एक कामाचं. मुलीचं नाव ऐकताक्षणी मुलीचंच वाटलं पाहिजे असा इथे नियम आहे, स्टँडेसआम्टला ओवी कळणार नाही. सोबत दुसरं एखादं मुलीचं नाव जोडा.
– मंजिरी

रि: रि:
ताई, ते जुनं झालं. किरण नावाच्या मुलीवरूनच केस झाली होती, आपल्याच भारतीय वंशाच्या बापाची. २००८च्या डिसेंबरमध्ये घटनात्मक कोर्टानं सांगितलं की नावावरून मुलगा की मुलगी हे कळलंच पाहिजे असं काही नाही. दुसरं नाव लागत नाही.
आणि केतकी, सोमवारचीच घाई का? जन्माची नोंद आठवड्यात लागते, पण नाव द्यायला महिना मिळतो. तसं सांग आणि बारशानंतर भर. सावकाश ठरव, कारण एकदा नोंद झाली की नंतर स्पेलिंग बदलायला सबळ कारण द्यावं लागतं, 'सासूबाईंना आवडलं नाही' हे त्यात बसत नाही. कॉन्सुलेटमध्येही जर्मन दाखल्यावरचंच स्पेलिंग लागतं, तिथली नोंद वर्षाच्या आत करायची हे विसरू नका.
– प्रसाद

रि:
ही मेलिंग लिस्ट मंडळाच्या कामासाठी आहे याची नम्र आठवण. स्पेलिंग वैयक्तिक मेलवर बोलावं. बारशाला मंडळाचा पाळणा हवा असेल तर मात्र इथेच विचारावं, त्याची नोंद माझ्याकडे असते.
– सचिव

रि: रि:
नोंद तुमच्याकडे असेल, पाळणा माझ्या केलरमध्ये, तळघरात आहे. गेल्या वर्षी परत आला तेव्हा एका बाजूची साखळी नव्हती आणि मंडळानं मला विचारलंसुद्धा नाही, मी बाउमार्क्टमधून, हार्डवेअरच्या दुकानातून, आणून लावली.
– अण्णा

रि: रि: रि:
अण्णा, साखळीचं बिल कमिटीला दिलं असतंत तर पैसे मिळाले असते.
– सचिव

रि: तातडीचं! ओवी – व्ही की डब्ल्यू?
महिना मिळतो हे कोणी सांगितलंच नव्हतं, थँक्यू प्रसाद. सोमवारी नाव रिकामं ठेवतोय. व्हीनंच लिहू, ओफी तर ओफी, दंड नको. वाणीचं सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या आता बास.
सगळ्यात मोठा घोळ म्हणजे आत्याची मैत्रीण या लिस्टवर आहे, आत्याचा आत्ताच फोन येऊन गेला. तिला ओवी आवडलं नाहीये. ती विमानात बसेपर्यंत विचार करणार आहे म्हणे.
अण्णा, पाळणा शनिवारी घ्यायला येऊ का? दुमजली जिना आहे आमच्याकडे, उचलायला दोघं तरी लागतील.
– केतकी

रि: रि:
या, अकरानंतर या. गादीचा खोळ धुऊन परत करा, मागच्यांनी केला नव्हता.
– अण्णा