अश्वगंधा, ब्राह्मी आणि मनावरचा ताण: श्रेय अँटिऑक्सिडंटचे आहे का?

प्रश्न:
गेले काही महिने मला कामाच्या ताणामुळे झोप नीट लागत नाही आणि छातीत धडधडते. अश्वगंधेच्या एका डबीवर लिहिले आहे की तिच्यातील अँटिऑक्सिडंट मेंदूचे रक्षण करतात आणि त्यामुळे मन शांत होते. या कार्यकारणभावात तथ्य आहे का? थायरॉइड कमी असल्याने मी रोज थायरॉक्सिनची गोळी घेते, हेही सांगून ठेवते.

प्रतिसाद १:
या दाव्याचा पूर्वार्ध पटण्याजोगा आहे. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्केच असलेला मेंदू जवळपास २० टक्के ऑक्सिजन वापरतो आणि त्यात मेदाचे प्रमाण मोठे असल्यामुळे मुक्त कणांची (म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंची, ज्यांना अँटिऑक्सिडंट निष्प्रभ करतात) झळ त्याला लवकर पोहोचते. मात्र परीक्षानळीत एखादा अर्क हे कण किती निष्प्रभ करतो, यावरून तो माणसाच्या मेंदूत काय करील ते ठरत नाही, कारण बहुतेक वनस्पतिज द्रव्ये आतड्यातून अल्प प्रमाणातच शोषली जातात आणि यकृतात त्यांचे रूप पालटते. खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची तयार केलेली कोष्टके अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली, तीही याच कारणाने. जाहिरातदारांनी मात्र ते आकडे अजून जपून ठेवलेले दिसतात. शिवाय ‘जितके जास्त तितके चांगले’ हेही खरे नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला, हे १९९४ मध्येच प्रसिद्ध झाले आहे.

प्रतिसाद २:
वरील विवेचन मान्य आहे, पण त्यावरून अश्वगंधा निरुपयोगी ठरत नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६४ तणावग्रस्त व्यक्तींपैकी काहींना मुळाच्या अर्काचे ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असे ६० दिवस देण्यात आले. त्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक सुमारे २८ टक्क्यांनी घटले आणि ताणाचे गुणांकही उतरले. चाचणी लहान आहे, तरीही तिचा रोख संप्रेरकांकडे आहे, मुक्त कणांकडे नाही.

आपल्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती थायरॉइडची. अश्वगंधेने थायरॉइड संप्रेरके वाढल्याचे आढळले आहे. त्यात थायरॉक्सिनची भर पडली तर धडधड आणि निद्रानाश, म्हणजे ज्या तक्रारींसाठी आपण ती घेणार आहात त्याच, वाढू शकतात. यकृताला इजा झाल्याच्याही, विरळ का होईना, नोंदी आहेत. गर्भारपणात ती टाळावी.

प्रतिसाद ३:
ब्राह्मीविषयी एवढेच, की या नावाने दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात: बाकोपा आणि मंडूकपर्णी. बाकोपाच्या स्मरणशक्तीवरील चाचण्या बहुधा १२ आठवड्यांच्या आहेत, तेव्हा चार दिवसांत गुण येण्याची अपेक्षा नको. उदासीनतेवर घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती तर कोणत्याही गोळीसोबत डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. यकृतातील विकरे चेतवून ती गर्भनिरोधक आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम कमी करते.

प्रश्नकर्ती:
सर्वांचे आभार. धडधड थायरॉक्सिनच्या मात्रेमुळेही असू शकेल, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. डबी बाजूला ठेवली आहे. आधी टीएसएच (थायरॉइडचे काम दाखवणारी रक्तचाचणी) तपासून घेते आणि अहवाल डॉक्टरांना दाखवते.