मे महिन्यात मुस्तांग की फिनाले? खान्देशातल्या सहा जणांची पहिली परदेशी माउंटन बाइक सहल

केळीपट्टा (धागाकर्ता)

जळगाव, अमळनेर आणि धुळे मिळून आम्ही सहा जण आहोत. सगळ्यांच्या सायकली हार्डटेल (मागे सस्पेन्शन नाही), पुढचं सस्पेन्शन १०० ते १२० मिमी. दिवस नऊ, खर्च माणशी दीड लाखाच्या आत. दोघे शेतकरी असल्यामुळे दिवाळीचा काळ बाद, तेव्हा कापूस वेचणी असते आणि मजूर मिळवता नाकी नऊ येतात. मेअखेरीस बागायती कपाशीची गडबड सुरू होते. म्हणजे हातात उरतो मेचा पहिला पंधरवडा.

दोन ठिकाणांवर अडलोय. एक नेपाळमधलं मुस्तांग (पोखरा, जोमसोम, मुक्तिनाथ). दुसरं इटलीतलं समुद्रकाठचं फिनाले लिगुरे. फोटो सगळ्यांनी पाहिलेत. कुठे काय बिघडतं आणि का, ते सांगा.

घाटमाथा

मुस्तांग. पहिल्या सहलीला दुसरं नाव घेऊ नका.

भारतीयांना व्हिसा लागत नाही. विमानाने गेलात तरी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. मोठ्या माणसाला आधार कार्डावर विमानात बसू देत नाहीत, हे सहाही जणांना आधीच सांगून ठेवा. आपला १ रुपया म्हणजे नेपाळी १ रुपया ६० पैसे, हा दर बांधलेला आहे. अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राचा परवाना सार्क देशांच्या नागरिकांना नेपाळी १,००० रुपयांत मिळतो, म्हणजे आपले ६२५. विमान नको असेल तर भुसावळहून गोरखपूरला थेट गाड्या आहेत, पुढे सुनौलीची सीमा आणि भैरहवा-बुटवलवरून पोखरा. दोन दिवस जास्त जातात एवढंच.

आता सायकलिंगचं. मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर, तातोपानी १,२०० च्या आसपास. अडीच हजार मीटरचा उतार तीन दिवसांत मिळतो. मुक्तिनाथ हे यात्रेचं ठिकाण, आपल्याकडचे आजी-आजोबासुद्धा जातात, त्यामुळे जीप भरपूर. सायकल टपावर बांधून वर जा आणि लुब्रा गावाच्या पायवाटेने खाली या. वाट अरुंद, माती कोरडी, खाली काळी गंडकीचं रुंद पात्र. तेच पात्र जिथले शाळिग्राम आपल्या देवघरात असतात. जेवायला दाळ-भात पोट भरेपर्यंत वाढतात.

उतारवेडा

घाटमाथा, तुम्ही सांगितलेलं सगळं ऑक्टोबरला लागू आहे. प्रश्न मेचा आहे.

काळी गंडकीच्या खोऱ्यात रोज सकाळी दहा-अकरानंतर वारा सुटतो. खालचा मैदानी भाग आणि वरचं पठार वेगळ्या वेगाने तापतात, आणि दोन उंच डोंगरांमधली ती घळ नळीसारखं काम करते. वारा दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे खालून वर. जोमसोमहून मार्फा आणि तातोपानीकडे उतरताना तो थेट तोंडावर येतो, धूळ आणि खडीसकट. उतार असून पेडल मारावं लागतं. जोमसोमची विमानं फक्त सकाळी उडतात ती याच कारणाने. मेमध्ये त्यात दुपारच्या वळवाच्या ढगांची भर पडते, पोखऱ्याला गडगडाट सुरू झाला की विमान रद्द. नऊ दिवसांतले दोन असे गेले तर काय उरतं?

आणि बेनी ते जोमसोम आता पायवाट नाही, गाडीरस्ता आहे. ट्रक, जीप, रुंदीकरणाची धूळ. तुमच्या अडीच हजार मीटर उतारातला मोठा भाग याच रस्त्याचा.

फिनालेला मे म्हणजे भर हंगाम. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे फार उकडतं, आल्प्समधल्या उंचावरच्या लिफ्ट जूनशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे वसंतात युरोपभरचे सायकलस्वार इथे येतात. गावामागे हजारेक मीटर उंचीवर जुना नाटोचा तळ आहे. व्हॅनमागे ट्रेलर, ट्रेलरवर सायकली, वर सोडतात, तुम्ही समुद्रापर्यंत उतरता. या शटलच्या दिवसात चार-पाच फेऱ्या होतात. वळणं, पायऱ्या, खडकाळ उतरण हे खान्देशात शिकायला मिळत नाही. परदेशी जायचं ते जे इथे नाही ते शिकायला.

तापीकाठ

दोघांनीही उंचीचा विषय सोडून दिला. जळगाव समुद्रसपाटीपासून २०० मीटर, पोखरा ८२० आणि जोमसोम २,७२०. विमानाने गेलात तर वीस मिनिटांत तिथे. मुक्तिनाथला एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या ६३ टक्के.

३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही, हा धडधाकट तरुणालाही लागू असलेला नियम. उलट तोच फसतो, कारण पाय दमलेले नसतात. जोमसोमला दोन रात्री, मग कागबेनीला (२,८००) एक. तिथून मुक्तिनाथ दिवसाभरात करून झोपायला परत खाली. डोकेदुखी आणि जोडीला मळमळ किंवा तोल जाणं दिसलं की वर जायचं नाही, लगेच उतरायचं.

अ‍ॅसिटाझोलामाइड (उंचीच्या त्रासावरची गोळी) १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात, पण डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. या गोळीने बोटांना मुंग्या येतात. हँडलवर तळवा दाबल्यानेही येतात. दोन्हींत गफलत करून ग्रिप बदलत बसू नका.

टायरचंही ऐका. ३० अंशांत जळगावला पुढचं चाक २४ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलं आणि तसंच ३,७०० मीटरवर नेलं, तर बाहेरच्या हवेचा दाब ५ पीएसआयने कमी झालेला असतो, म्हणून गेज २९ दाखवायला हवं. पण पहाटे ५ अंश असले तर आतली हवा आकसते आणि आकडा २६ वर येतो. ऊन चढलं की पुन्हा २८. सुट्या मातीवर तेवढ्यानेही पुढचं चाक वळणात घसरतं. वर पोचल्यावर पुन्हा मोजा, दुपारी पुन्हा.

घाटमाथा

वाऱ्याचं मान्य. त्यावर उपाय साधा आहे, पहाटे साडेपाचला निघायचं आणि दहाच्या आत सायकल भिंतीला टेकवायची. खान्देशात मे महिन्यात ४४ अंशांत चालवणारा माणूस असंही तेच करतो. शिवाय मुस्तांग पर्जन्यछायेत आहे, वळीव मुख्यतः पोखऱ्याकडे. जोमसोमचं विमान धरूच नका, जीप घ्या. हाडं खिळखिळी होतात, पण शरीर हळूहळू चढतं आणि तापीकाठ यांची अर्धी काळजी मिटते.

आता फिनालेचा हिशेब मांडा. शेंगेन व्हिसाचं शुल्क ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने ते पंधरा दिवस आधी करता येतो, पण मेच्या सुरुवातीसाठी फेब्रुवारीतच करावा लागेल. सहा जणांपैकी एकाचा नाकारला गेला तर सहल पाचाची. व्हिसासाठी ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा, पण तो नुसता प्रवासाचा. डोंगरउतारावरचं सायकलिंग त्यात धरलंय का, ते कलम वाचल्याशिवाय सही करू नका. विमान, भाड्याची फुल सस्पेन्शन, शटल, राहणं... दीड लाखात नऊ दिवस बसत नाहीत, सहा कसेबसे बसतील.

उतारवेडा

सहा बसतील तर सहा करा. त्यातले चार दिवस शटल, एक दिवस पेडल मारत, एक आराम. पुढच्या बाहूत गोळे येतात, ब्रेक धरून धरून मूठ उघडत नाही, म्हणून सलग शटल तशीही झेपत नाही.

विम्याचा मुद्दा मुस्तांगलाही तेवढाच लागू आहे. बऱ्याच पॉलिसींत उंचीची मर्यादा असते, आणि हेलिकॉप्टरने आणायची वेळ आली तर खर्च खिशातून.

पण फिनालेला जाणार असाल तर दोन गोष्टी आत्तापासून ध्यानात घ्या. आपल्याकडे उजवा लिव्हर म्हणजे पुढचा ब्रेक. युरोपातल्या बहुतेक भाड्याच्या सायकलींना पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. घाबरून जो हात आपोआप आवळला जातो तो चुकीचा, आणि माणूस हँडलवरून पुढे. दुकानाला आगाऊ कळवून लिव्हर बदलून मागा, नाही जमलं तर पहिला अर्धा तास सपाट रस्त्यावर सराव. दुसरं, वाटा किती कठीण हे सांगणारी रंगांची वर्गवारी. युरोपात निळा आणि काळा यांच्यामध्ये लाल असतो, कॅनडा-अमेरिकेत साधारणपणे निळ्यानंतर थेट काळा. व्हिडिओत कॅनडातल्या व्हिस्लरचा निळा पाहून फिनालेच्या लालवर उतरू नका. तिथला चुनखडक चाकांनी घासून गुळगुळीत झालाय, पाऊस पडला की साबणासारखा.

जेवणाची धास्ती नको. फारिनाता नावाचा बेसनाचा भाकरीसारखा पदार्थ त्याच किनाऱ्याचा, आपल्या पिठल्याची लांबची बहीण.

सातपुडा२९

व्हिस्लर मेच्या मध्यावर उघडतं, तुमची तारीख बसत नाही. थायलंडच्या चिआंग माईला फेब्रुवारी ते एप्रिल शेतं-जंगलं जाळल्याचा धूर असतो आणि मेपासून पाऊस. तिकडे नोव्हेंबर-जानेवारीत जावं. भूतानला भारतीयांना रात्रीमागे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क, आणि प्रसिद्ध मार्ग बरेचसे डांबरी खिंडींचे. तेव्हा दोनच ठिकाणं उरतात, हे बरोबर.

ई-बाइक असणारं कुणी गटात घेणार असाल तर विसरा. १६० वॅट-तासांवरची बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही आणि या सायकलींची त्याच्या तिप्पट-चौपट असते.

चाकवाला

जागा कुठलीही ठरवा भो, ब्रेकचं कोणी बोललंच नाही.

तोरणमाळचा घाट डांबरी, वेग राहतो, हवा लागते, रोटर (ब्रेकची चकती) थंड होतो. पायवाटेवर उलटं. वेग ताशी दहा-बारा, ब्रेक सतत घासलेला, वारा नाही. अशा हजार मीटर उतारावर दोन प्रकारे ब्रेक जातो, आणि दोन्ही ओळखता यायला हवेत. लिव्हर कडक आहे पण सायकल थांबत नाही, याचा अर्थ पॅड तापून काचेसारखे झाले. थांबा, थंड होऊ द्या, मग पॅड काढून पॉलिश पेपरवर घासा. लिव्हर मऊ होऊन थेट हँडलला टेकतो, याचा अर्थ आतलं तेल उकळलं किंवा हवा शिरली. थंड झाल्यावर परत आल्यासारखा वाटला तरी त्यावर विसंबून उतरायचं नाही, ब्लीड केल्याशिवाय (तेलातली हवा काढल्याशिवाय) भरवसा नाही.

उपाय म्हणून लोक मेटल सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे कडक) पॅड आणतात आणि बसवून मोकळे होतात. आधी रोटर वाचा. स्वस्त हार्डटेलवरच्या कित्येक शिमानो रोटरवर 'रेझिन पॅड ओन्ली' (फक्त रेझिनचे मऊ पॅड लावा) असं कोरलेलं असतं. त्यावर सिंटर्ड लावलं तर पॅड टिकतो, रोटर खाल्ला जातो. पॅड बदलायचा तर रोटरही बदला, आणि फोर्क (पुढचं चाक धरणारा भाग) परवानगी देत असेल तर पुढे १६० ऐवजी १८० मिमी. नवीन जोडी बसवल्यावर वीसेक वेळा मध्यम वेगातून जवळपास थांबेपर्यंत दाबा, चाक जाम न करता. हे नाही केलं तर पहिल्याच उतारावर किंचाळतात. चालवताना एक बोट लिव्हरवर, जोरात दाबून सोडायचं. हळूच धरून ठेवायचं नाही.

आपली सायकल नेणार असाल तर पेट्यांचं:
- डावं पेडल उलट्या आट्याचं. पुढे फिरवून नव्हे, मागच्या बाजूला फिरवून सुटतं.
- मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) हँगरवरून (तो फ्रेमला धरणारी पट्टी) सोडवून चेनस्टेला (फ्रेमची मागच्या चाकाकडे जाणारी नळी) बांधा. हँगर वाकणं ही पेटीतली सगळ्यात नेहमीची मोडतोड. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, जोमसोमला मिळणार नाही. सहा सायकलींचे सहा.
- चाक काढल्यावर पॅडमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा किंवा दुमडलेला पुठ्ठा. कुणी लिव्हर दाबला तर पिस्टन एकत्र येतात आणि रोटर शिरत नाही.
- ट्यूबलेसची हवा पूर्ण काढू नका, दहा पीएसआय ठेवा. कडा सुटली तर हातपंपाने परत बसत नाही.

बाभळीच्या काट्यांमुळे आपण सीलंट (टायरची छिद्रं बुजवणारा द्रव) भरतोच, पण इथल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. निघायच्या आठवड्यात टायर उघडून बघा आणि २९ च्या टायरात १०० मिली नवं भरा.

केळीपट्टा (धागाकर्ता)

सगळं वाचून गटात बोलणं झालं. मुस्तांग ठरलं, २ ते १० मे. फिनालेला भाड्याची सायकल घ्यावी लागणार, लिव्हर उलटा, वाट ओळखीची नाही आणि व्हिसात एक जण गळण्याची भीती. आमच्या पायांना चढ येतो, हातांना उतार येत नाही, हे उतारवेडा यांचं म्हणणं पटलं. म्हणून एप्रिलभर दर रविवारी सातपुड्याच्या पायथ्याच्या गोट्यांच्या वाटा, सीट खाली करून. पाटणादेवीकडे गेलो तर गौताळ्याच्या वनखात्याची परवानगी काढून.

पोखरा ते जोमसोम जीप, जोमसोम दोन रात्री, कागबेनी एक, मुक्तिनाथ दिवसाभरात, परतताना लुब्रा. पुढे तातोपानी आणि तिथून बेनीपर्यंत सायकलने. रोज पहाटे साडेपाच. रोटर तपासले, सहापैकी चारांवर रेझिन ओन्ली लिहिलंय.

उतारवेडा

माझं मत बदललेलं नाही, मेमध्ये फिनालेच. पण जाताय तर तातोपानी-बेनी सायकलने करू नका. तो भाग उतरता असला तरी अरुंद दरीतला ट्रकचा रस्ता आहे, वळणावर समोरचं वाहन दिसत नाही आणि दुपारी दरड सुटते. तातोपानीला गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडा, सायकली तिथेच जीपवर बांधा. वाचलेला तो अर्धा दिवस लुब्राला द्या, ती वाट दुसऱ्यांदा उतरताना कळते. आणि चार रोटर आजच मागवा, जळगावच्या दुकानात १८० चे मिळतीलच असं नाही.