शनिवारचं सत्र: पालक आत की बाहेर? (उद्या रात्रीपर्यंत कळवा)

प्रेषक: मंजिरी (सचिव)

नमस्कार मंडळी,
इथे अमेरिकेत कॉलेजला निघालेल्या मुलांसाठीचं आपल्या मंडळाचं सत्र शनिवारी अकरा ते साडेबारा, मोठ्या खोलीत. मुलांची नावं आली आहेत आणि नेहमीप्रमाणे मुलांपेक्षा पालकांचीच जास्त. अडचण अशी की बोलायला येणाऱ्या, आधीच कॉलेजात असलेल्या मोठ्या मुलांनी अट घातली आहे: पालक खोलीत असतील तर आम्ही येणार नाही. मागच्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना आठवतंय, पुन्हा उगाळत नाही. छोटी खोली मोकळी असती तर पालकांना तिथे बसवलं असतं, पण ती नाट्यविभागाकडे आहे. उद्या रात्रीपर्यंत ठरवायचंय. कृपया मुद्द्याला धरून लिहा.
मंजिरी

प्रेषक: श्रीनिवास

पालक आतच. फी आम्ही भरणार, गाडीत सामान कोंबून सोडायला आम्ही जाणार आणि माहिती मिळायच्या वेळी आम्ही बाहेर? मागच्या वर्षी मी दोनच प्रश्न विचारले होते, त्यावरून एवढा गहजब.

मला कळायला हवं ते एवढंच: मार्कांचं पोर्टल पालकांना कसं दिसतं? हायस्कूलला रोज दिसायचं, गृहपाठ राहिला तरी फोनवर निरोप यायचा. कॉलेजच्या पालकांसाठीच्या कार्यक्रमात विचारलं, तर तिथल्या बाई हसून म्हणाल्या, मुलालाच विचारा.
श्री

प्रेषक: वैशाली

श्री, त्या बाई हसल्या कारण त्यांना दुसरं काही करता येत नाही. मी रोज तसल्याच टेबलामागे बसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फर्पा हा विद्यार्थ्यांच्या रेकॉर्डच्या गोपनीयतेचा कायदा १९७४ चा. मूल शाळेत असेपर्यंत त्याचं रेकॉर्ड बघायचा हक्क आईवडिलांचा. मुलाला १८ वर्षं पूर्ण झाली, किंवा त्याआधीच तो कॉलेजात शिकू लागला, की तो हक्क मुलाचा होतो. म्हणजे १७ वर्षांचा फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा) असला तरी तुमचं खातं बंद. टॅक्स रिटर्नमध्ये मूल तुमच्यावर अवलंबून दाखवलं असेल तर कॉलेज तुम्हाला माहिती देऊ शकतं. देऊ शकतं, द्यायलाच हवी असं नाही, आणि बरीच कॉलेजं मुलाची संमती असल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. जिवाला धोका असेल अशा वेळी मात्र संमतीवाचून कळवता येतं.

सरळ मार्ग असा की मुलाने स्वतःच्या लॉगिनमधून तुम्हाला परवानगी द्यायची. बहुतेक ठिकाणी फी, आर्थिक मदत आणि मार्क यांची वेगवेगळी खूण करता येते. फीची खूण सगळ्यांनी करून घ्याच. बिल मुलाच्या खात्यावर येतं, ते राहिलं की पुढच्या सेमिस्टरच्या नोंदणीवर होल्ड लागतो आणि हवे ते वर्ग तोवर भरून जातात. मार्कांचं घरी बोलून ठरवा. मी आग्रह धरणार नाही, कुठल्याच बाजूने.

पासवर्ड मात्र मागून घेऊ नका. एक तर दर वेळी कोड मुलाच्या फोनवर जातो. दुसरं म्हणजे, आत शिरून मुलाच्या नावाने प्रोफेसरांना ईमेल पाठवणारे पालक आम्हाला पहिल्याच ओळीत सापडतात. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू झालेली ईमेल अठरा वर्षांच्या पोराने लिहिलेली नसते.
वैशाली

प्रेषक: नाना

वैशालीचं वाचून गंमत वाटली. आमच्या वेळी निकाल नोटीस बोर्डावर लागायचा आणि तो आमच्या आधी शेजारच्यांना कळायचा. वडिलांना शेजाऱ्यांनी गाठून पेढे मागितले तर पास, आणि नजर चुकवून ते निघून गेले तर काय ते समजायचं. आता म्हणे जन्मदात्यालाही सांगायचं नाही! पण खरं सांगायचं तर मला हा कायदा तेव्हाच हवा होता. मुलांना मोकळं बोलू द्या. पालकांनी बाहेर बसावं, मी सोबतीला आहे.
नाना

प्रेषक: उदय

नाट्यविभागाचं नाव आलं म्हणून लिहितो. छोटी खोली शनिवारी सकाळी आमच्याकडे असते हे कार्यकारिणीच्या बैठकीत ठरलेलं आहे आणि इतिवृत्तात आहे. अर्धं नेपथ्य तिथे उभं आहे. गेल्या वेळी ‘फक्त एक तास’ म्हणून खोली दिली तेव्हा खुर्च्या कुणी हलवल्या आणि दरवाजाची चौकट कुणी टेकवून मोडली, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. खोली मिळणार नाही. बाकी सत्राला शुभेच्छा.
उदय

प्रेषक: ईशान

नमस्कार सगळ्यांना. आईने सांगितलं की तूच लिही, म्हणून लिहितो.

श्रीकाका, मागच्या वर्षीचे दोन्ही प्रश्न माझ्या जीपीएबद्दल (ग्रेडच्या सरासरीबद्दल) होते. त्यानंतर एकाही मुलाने हात वर केला नाही. आम्हाला रागबिग नाही. पण पहिल्या सेमिस्टरला काय बिघडतं ते आईबाबांसमोर कोणी सांगत नाही, आणि ऐकणारेही विचारत नाहीत.

आम्ही जे सांगणार आहोत ते असं. १५ क्रेडिट म्हणजे आठवड्याला वर्गात साधारण १५ तास. वेळापत्रक बघून वाटतं, वेळच वेळ आहे. पण एका क्रेडिटमागे वर्गाबाहेर आणखी दोन तास धरलेले असतात, म्हणजे सगळे मिळून ४५. ते ३० तास कोणी वेळापत्रकात लिहून देत नाही. मंगळवारी दोन वर्गांच्या मध्ये जी तीन तासांची फट असते, तीच खरी कामाची वेळ. तिथे खोलीवर जाऊन झोपलं की रात्री दोन वाजतात.

ऑफिस अवरला, म्हणजे प्रोफेसर मुलांना भेटायला बसतात त्या वेळेला, सुरुवातीलाच जा. पहिल्या पंधरवड्यात प्रोफेसर एकटे बसलेले असतात. मिडटर्मच्या आदल्या दिवशी बाहेर कॉरिडॉरमध्ये मुलं जमिनीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन रांगेत असतात आणि प्रत्येकाला चार मिनिटं मिळतात. प्रश्न नसेल तर गृहपाठातलं एक उत्तर घेऊन जा आणि ‘इथपर्यंत आलो, पुढे अडलो’ एवढं म्हणा.

अभ्यासाचं: वही पुन्हा पुन्हा वाचली की सगळं येतंय असं वाटतं. सायकॉलॉजीच्या वर्गात आम्हाला रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग शिकवला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्याने आठवून लिहिणारे. वही मिटून कोऱ्या कागदावर लिहायचं, एवढंच.

आणि तारखा. वर्ग बदलायची मुदत बहुतेक ठिकाणी पहिल्या एकदोन आठवड्यांत संपते. पहिल्या परीक्षेचे मार्क त्यानंतर येतात. मग वर्ग सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) डब्ल्यू, म्हणजे ‘विथड्रॉन’, लागतो. त्याचीही शेवटची तारीख असते, ती गेली की जो ग्रेड पडेल तो पडेल.
ईशान

प्रेषक: श्रीनिवास

डब्ल्यू लागला तर पुढे मेडिकलला प्रवेश मिळतो का?
श्री

प्रेषक: वैशाली

एका डब्ल्यूने कुणाचं काही अडत नाही, तो जीपीएत धरत नाहीत. दर सेमिस्टरला दिसायला लागला तर लोक विचारतात. अडखळत ‘डी’ मिळवण्यापेक्षा वेळेवर सोडलेलं बरं, पण सोडण्याआधी क्रेडिट १२ च्या खाली जातात का ते बघा. बहुतेक कॉलेजांत १२ च्या खाली गेलं की पूर्णवेळ विद्यार्थी राहत नाही. आर्थिक मदतीवर परिणाम होऊ शकतो, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय काहीही सोडायचं नाही.

मेडिकलचं निघालंच आहे तर: एपीच्या (हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या) क्रेडिटवर बायॉलॉजी-केमिस्ट्रीचा पहिला वर्ग गाळताना जपून. काही मेडिकल कॉलेजांना ते चालत नाही.
वैशाली

प्रेषक: डॉ. मेधा

सगळे मार्कांवर बोलताहेत. मला दवाखान्याचं सांगायचंय आणि ते पालकांसाठीच आहे, म्हणून पहिली वीस मिनिटं तरी पालक आत हवेत असं माझं मत.

फर्पासारखंच इथेही. १८ पूर्ण झाली की मुलाच्या तब्येतीची माहिती डॉक्टर तुम्हाला त्याच्या संमतीशिवाय सहसा सांगत नाहीत. मूल बेशुद्ध असेल आणि तुम्ही तीन राज्यं पलीकडे, तर फोनवर अडकून पडायची वेळ येऊ शकते. हिपाच्या (तब्येतीच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याच्या) संमतीचा फॉर्म आणि हेल्थ केअर प्रॉक्सी (मुलाच्या वतीने उपचारांचे निर्णय घ्यायचा अधिकार देणारा कागद; नाव राज्यागणिक वेगळं असतं, साक्षीदार-नोटरीचे नियमही) दोन्ही निघण्याआधी सह्या करून फोनमध्ये फोटो काढून ठेवा. कॉलेज दुसऱ्या राज्यात असेल तर तिथलाही फॉर्म भरा.

विमा: २०१० च्या कायद्याप्रमाणे मूल २६ वर्षांचं होईपर्यंत तुमच्या पॉलिसीवर राहू शकतं. तरी बरीच कॉलेजं आपला विमा बिलात आपोआप लावतात. नको असेल तर मुदतीत वेव्हर (‘हा विमा नको’ असा फॉर्म) भरावा लागतो, आणि तो दर वर्षी. पण भरण्याआधी तुमचा विमा कॉलेजच्या गावात चालतो का ते फोन करून विचारा. एचएमओ (ठरावीक भागातल्या डॉक्टरांपुरता विमा) असेल तर तिथे बऱ्याचदा फक्त इमर्जन्सीपुरता उपयोग. मेनिंजायटिसची लस अकरा-बाराव्या वर्षी घेतलेली असली तरी सोळाव्या वर्षीचा बूस्टर झालाय का ते कार्डावर बघा.

आणि एक घरी करून घ्या. पुढची अपॉइंटमेंट मुलाला स्वतः फोन करून घेऊ दे. तुम्ही शेजारी बसून खुणा करायच्या नाहीत.
मेधा

प्रेषक: मंजिरी (सचिव)

ठरलं. अकरा ते साडेअकरा सगळे एकत्र: वैशाली आणि मेधा, संमतीपत्रं, विमा. साडेअकराला पालक व्हरांड्यात, नाना तिथे सोबत. त्यानंतर खोली फक्त मुलांची. ईशान, तारखांचा भाग आधी घे, कोणी उशिरा आलं तर तो चुकायला नको. उदय, चौकटीचा विषय बैठकीत घेऊ, इथे नको.

ज्यांना फॉर्म छापून हवेत त्यांनी शुक्रवारी दुपारपर्यंत मला कळवा. कोऱ्या फॉर्मवर सही करून आणू नका, आधी वाचा.
मंजिरी

प्रेषक: श्रीनिवास

मान्य. मेधाताई, वेव्हरची लिंक कुठे असते? घरी तर काही आलेलं नाही.
श्री

प्रेषक: वैशाली

घरी येणारच नाही. मुलाला कॉलेजचा ईमेल मिळालाय ना, सगळं तिथेच येतं: वेव्हर, बिल, प्लेसमेंट टेस्ट, रूममेटचं नाव, अ‍ॅडव्हायझरची वेळ. बहुतेक मुलं तो ऑगस्टपर्यंत उघडतही नाहीत. आज रात्री त्याला फोनवर तो ईमेल लावून घ्यायला सांगा आणि ‘बिल’ हा शब्द शोधायला सांगा. मुदत त्यातच असेल.
वैशाली