अनुभव धागा: दिवाळीचं घरी केलेलं, आणि त्यात कोणाच्या हातात काय असतं

ओसरी

मंडळी, वसुबारस जवळ आली की पाककृतींचे धागे निघतातच. हा त्यातला नाही. मला उत्सुकता आहे ती कामाच्या वाटणीची. आकाशकंदील, किल्ला, रांगोळी, फराळ यातलं जे काही तुमच्याकडे अजून हातानं होतं, ते नेमकं कोण करतं? कोण नुसतंच डोकावून जातं? पोरांच्या वाट्याला खरं काम येतं की ‘तू हे धरून उभा राहा’ एवढंच? प्रमाणं आली तर उत्तमच, पण तो भाग कोणाकडे असतो तेही लिहा.

सुरुवात मीच करते. आमच्याकडे शंकरपाळे हे सगळ्यांचं काम. दूध, तूप, साखर एकेक वाटी, साखर विरघळेपर्यंत गरम करून गार करायचं आणि त्यात मावेल तेवढा मैदा. इथपर्यंत मी. लाटणं नवऱ्याचं, कारण शंकरपाळ्याची पोळी जाडच हवी आणि त्याच्या पोळ्या एरवीही जाडच होतात. कातण्यानं कापणं मुलांचं. कडेचे वेडेवाकडे तुकडे कोणाचे यावरून जुंपते, म्हणून ते मी सगळ्यात आधी तळून टाकते.

सातवा मजला

आमच्याकडे कंदील. पूर्वी बाबा एकटे करायचे, आता मी, माझी मुलगी आणि बाबा. सांगाडा अवघड वाटतो म्हणून लोक सोडून देतात, तर आधी तोच सांगतो.

एकाच लांबीच्या २४ कामट्या घ्या. चार-चार बांधून ६ चौकोन करा. मग प्रत्येक चौकोनाचा कोपरा शेजारच्या चौकोनाच्या कोपऱ्याला बांधत चला. १२ सांधे होतात आणि चौकोनांच्या मधे ८ त्रिकोण आपोआप उभे राहतात. आमची कन्या गेल्या वर्षी अर्ध्यावर थांबून म्हणाली, “हे त्रिकोण आपण केलेच नाहीत, मग आले कुठून?” मी उत्तर दिलं नाही. तिनं वहीत चित्र काढून शोधून काढलं, तोवर कंदील तसाच पडून होता आणि बायको आठवण करून देत होती.

नुसता बांधलेला सांगाडा हातात लचकतो, चौकोन कलंडतात. तिथेच बरेचजण हात टेकतात. प्रत्येक चौकोनात एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात एकेक जादा कामटी बांधली की तो ताठ होतो. वरच्या चौकोनातल्या आडव्या कामटीला होल्डर अडकवता येतो. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवायचा, बाकी सगळीकडे पतंगाचा कागद.

खळ मैद्याची. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा आणि मग मंद आचेवर ढवळत शिजवायचा. उकळत्या पाण्यात टाकलात तर नुसत्या गुठळ्या. बाबांच्या वेळी खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचे. ते विष आहे, पोरांचे हात त्यात असतात, त्यामुळे आम्ही ते बंद केलं. लागेल तेवढीच ताजी खळ करतो.

कामट्या तासून पॉलिश पेपरनं घासणं माझ्याकडे, कागद आणि शेपट्या मुलीकडे. बाबा आता स्टुलावर चढत नाहीत, पण गाठी त्यांच्याच. माझ्या गाठी ते गप्प बसून सोडतात आणि परत मारतात.

कडबोळं

@सातवा मजला, दोरा कोणता? आमच्याकडे रबरबँड लावले होते.

सातवा मजला

शिवणाचा जाड दोरा, दुहेरी. सुतळीनं सांधे फुगतात आणि कागद नीट बसत नाही. रबर उन्हात चार दिवसांत तडकतं.

जाळी

अनारसे. हो, घरीच.

या पदार्थात पहिले तीन दिवस पाणी बदलण्यापलीकडे कोणीच काही करायचं नसतं, आणि म्हणून ते काम सासऱ्यांकडे असतं. जुना तांदूळ भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. ते सकाळी पेपर वाचून झाला की उठतात, पाणी ओततात, नवीन घालतात आणि ‘झालं हो’ असं घरभर ऐकू जाईल असं सांगतात. चौथ्या दिवशी तांदूळ उपसून पंच्यावर सावलीत पसरायचा. पूर्ण वाळू द्यायचा नाही, हाताला दमट लागला पाहिजे. मग दळून बारीक चाळणीनं चाळायचा, जवळजवळ पिठाइतकाच किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून मळायचा, गोळे करून डब्यात ठेवायचे. चार-पाच दिवस मुरले की थापायला घ्यायचे.

थापणं माझं. खसखशीवर थापायचा, कढईत सोडताना खसखस वर. उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं, म्हणजे जाळी पडते. तळणं पूर्वी सासूबाईंचं होतं. गुडघ्यांमुळे त्या आता खुर्ची टाकून शेजारी बसतात आणि दर दोन मिनिटांनी एकच शब्द बोलतात: “आच.” कमी करायची की वाढवायची हे आपण ओळखायचं. पहिल्या वर्षी मला राग यायचा. आता कढईकडे बघून मला त्यांच्याआधी कळतं, पण त्या म्हणेपर्यंत मी थांबते.

अनारसा तुपात हसला, म्हणजे पसरून विस्कटला, तर पिठात गूळ जास्त झालेला असतो. उरलेल्या गोळ्यात थोडी तांदळाची पिठी मिसळायची. उलट फारच घट्ट झाला तर कुस्करलेलं केळं, अगदी थोडं. हसलेले अनारसे आमच्याकडे फेकत नाहीत. ते वाटीत चुरून दुधाबरोबर खायचा मान सासऱ्यांचा, आणि मला दाट संशय आहे की एखादा तरी हसावा अशी त्यांची इच्छा असते.

गॅसपाशी

धागा गोड चाललाय, तरी स्पष्ट लिहिते. वाटणी म्हणता, पण याद्या करणं, भाजणीचं सामान निवडून भाजणं, गिरणीत नंबर लावणं, डबे घासून उन्हात वाळवणं, तळणीचं तेल गाळून ठेवणं, ओट्याखाली गेलेला मैदा पुसणं, हे कोणाच्या हातात असतं? मुलांनी लाडू वळले की फोटो निघतो. बेसन मंद आचेवर अर्धा तास परतणारीचा फोटो मी अजून पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी मी फ्रिजवर कागद लावला: ज्याला जे खायचं ते त्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायचं, आवरून ठेवण्यासकट. नवऱ्यानं पातळ पोह्यांचा चिवडा घेतला. पोहे चाळून कढईत मंद आचेवर कुरकुरीत करेपर्यंत त्यानं मला झारा कुठे, हिंग कुठे, खोबऱ्याचे काप किती पातळ, असं विचारून विचारून भंडावलं, पण केला. छान झाला होता. मुलीनं रव्याचे लाडू केले आणि पातेलंही घासलं. चकली कोणीच लिहिली नाही, म्हणून झाली नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिघंही एकेक करून डबे उघडून बघत होते.

ओसरी

@गॅसपाशी, कागदाची कल्पना ढापतेय. आमच्याकडे गिरणी माझीच, हे तुझी पोस्ट वाचेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं.

मावळा क्रमांक दोन

किल्ल्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून? आमच्या सोसायटीत वाहनतळाच्या कोपऱ्यात होतो. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यातले ११ महाराष्ट्रात आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. आमच्या पोरांत लगेच दोन तट पडले. एकाला दरवर्षीसारखा राजगड हवा, कारण पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या आणि मधला बालेकिल्ला सगळ्यांना पाठ. दुसऱ्याचं म्हणणं, राजगड सगळेच करतात, जिंजी करू. सहावीतल्या एका मुलीनं निकाल लावला: राजाराम महाराज १६८९ मध्ये तिथे पोचले, मोगलांनी वेढा घातला आणि किल्ला १६९८ पर्यंत पडला नाही, तर तो आपलाच. यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.

जिंजी म्हणजे तीन वेगळे डोंगर आणि त्यांना जोडणारी तटबंदी, त्यामुळे जागा जास्त लागते. आत विटांचे तुकडे आणि फुटक्या कुंड्या रचल्या, त्यावर चिखलाच्या पाण्यात बुडवलेलं गोणपाट घातलं. गोणपाट नसेल तर माती दुसऱ्या दिवशी घसरते. वरून चाळलेली लाल माती लिंपली आणि उतारांवर अळीव पेरले. अळीव दोन-तीन दिवसांत उगवतात, मोहरीला थोडा जास्त वेळ लागतो. पाणी फवाऱ्यानंच मारायचं. तांब्यानं घातलं की ओघळ पडतात आणि तट वाहून जातो.

आता वाटणी. लहानांकडे चित्रं मांडणं, मधल्यांकडे माती, मोठ्या मुलांकडे बुरूज आणि पायऱ्या. माझ्याकडे (वय ४६) एकच काम आहे: बाकीच्या बाबालोकांना लांब ठेवणं. हे गृहस्थ ‘जरा बघू’ म्हणत येतात, थापी हातात घेतात आणि पाऊण तासानं पोरं कठड्यावर बसून मोबाईल बघत असतात. एकानं तर लेव्हल ट्यूब आणली होती. मी खुर्च्या मांडून चहा सांगतो, चहा संपेपर्यंत किल्ला बराच पुढे गेलेला असतो.

मावळा बुरुजाहून उंच असतो, तळ्यात प्लास्टिकचं बदक असतं, पायथ्याला जेसीबी उभा असतो. काढायला सांगू नका. जेसीबी धाकट्यांचा असतो आणि त्यांचं सगळं लक्ष त्यावरच असतं.

उणे चार

परदेशातून. इथे भाजणी आई पाठवते, सोऱ्या मी येताना आणलाय. दाबायला जोर लागतो म्हणून ते काम शेजारच्या मित्राकडे, तो तमिळ आहे आणि ‘हे आमचं मुरुक्कूच’ असं दरवर्षी म्हणतो. आई व्हिडिओ कॉलवर. मी फोन कढईकडे धरतो, पण ती बघत नाही, ऐकते. आवाज शांत झाला, बुडबुडे कमी झाले की “काढ” म्हणते. चकली तेलात विरघळायला लागली की तिचा पहिला प्रश्न मोहनाचा: जास्त पडलं का? कडक झाली तर उलट. तेलकट झाली तर तेल नीट तापलं नव्हतं. हे सगळं तिला तिथे बसून फक्त आवाजावरून कसं कळतं, देव जाणे.

पाटाखाली

आमच्याकडे उटणं आजोबांचं. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद, वाळवलेल्या गुलाबाच्या पाकळ्या आणि संत्र्याच्या साली. कुटणं भावाकडे, वस्त्रगाळ करणं माझ्याकडे. आजोबांना आता जवळजवळ दिसत नाही. तळहातावर चिमूटभर घेऊन हुंगतात आणि सांगतात, वाळा कमी आहे. भावानं एकदा काहीच न घालता तोच डबा परत पुढे केला. “अजून घातला नाहीस,” म्हणाले.

मुरड

साट्याच्या करंज्या, आई आणि तीन मावश्या. कातणं कोणी वापरत नाही, सगळ्या हातानं मुरड घालतात आणि डब्यातली करंजी बघून कोणाची ते सांगता येतं. मोठ्या मावशीची मुरड बारीक आणि घट्ट, आईची मोठी. यंदा मला पहिल्यांदाच लाटण्यावरून मुरडीवर बढती मिळाली आहे. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरायचं नाही आणि भरलेल्या करंज्या ओल्या फडक्याखाली झाकायच्या, एवढं पक्कं बजावलंय. माझ्या करंज्या वेगळ्या ताटात ठेवायचं ठरलंय. अपमान आहे, पण मान्य.

फिरकलेला

आम्ही फराळ बचत गटाच्या बायकांकडून घेतो. कंदील विकतचा, गॅलरीत किल्ल्याला जागा नाही. घरी फक्त पणत्या रंगवतो. धाग्यात बसतो का?

ओसरी

बसता की. पणत्या आधी भिजवता की रंगवून झाल्यावर?

फिरकलेला

आधी. रात्रभर पाण्यात ठेवतो म्हणजे नंतर तेल कमी पितात, मग दोन दिवस चांगल्या वाळवतो. ओलसर राहिल्या तर रंगाचे पापुद्रे निघतात. बाहेरून रंग, आतून कोऱ्या, आणि वात टेकते ती कडही कोरी. हे नियम बायकोचे. धाकट्याला कोरी कड सहन होत नाही, तो नेमकी तिथेच सोनेरी रेघ मारतो. त्याच्या पणत्या आम्ही पेटवत नाही, त्यात झेंडूच्या पाकळ्या घालून दाराशी ठेवतो. हे त्याला अजून कळलेलं नाही, कोणी सांगू नका.